पांढरा टोनर

आमच्या ऑफिसात त्याला सगळे ‘हजर’ म्हणायचे. साहेबांच्या खोलीतली बेल वाजली की हा जिथे असेल तिथून, अगदी जिन्याच्या तळाशी विडी ओढत असला तरी, “हजर!” असं ओरडत वर यायचा. सव्वीस वर्षं शिपाई होता. तेवढ्या काळात सात साहेब बदलले, दोनदा फरशी बदलली, पण त्याचं ते ओरडणं बदललं नाही. नवीन येणाऱ्याला वाटायचं, हेच त्याचं नाव.

मग एकावन्नाव्या वर्षी तो कारकून झाला.

खात्यातली परीक्षा असते, शिपायांना देता येते. दोनदा नापास झाला तेव्हा कोणी लक्षही दिलं नाही. तिसऱ्या वेळी त्याच्या मुलीनं त्याला हाताशी धरलं. पुठ्ठ्यावर टाइपिंगचा कीबोर्ड काढून दिला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून रोज तासभर बोटं चालवायला लावली. बायको भाजी चिरता चिरता शब्द सांगायची, हा पुठ्ठ्यावर टकटक करायचा. पास झाला. ऑर्डर आली. जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या विभागात, खिडकीजवळच्या प्रिंटरशेजारी त्याला टेबल मिळालं, खुर्ची मिळाली.

पहिल्या दिवशी तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आला, खिशाला दोन पेनं. अकराच्या सुमारास बेल वाजली आणि सवयीनं हा ताडकन उठून ओरडला, “हजर!”

अख्खी खोली हसली. मीही हसलो. माझं टेबल त्याच्या समोरच होतं, त्यामुळे त्याचे कान कसे लाल झाले ते मला सगळ्यांत जवळून दिसलं.

खरं सांगायचं तर तो खुर्चीवर बसलेला आम्हाला बघवतच नव्हता. त्यानं कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. पण ज्याला काल “पाणी आण” म्हणायचो त्याला आज ‘तुम्ही’ म्हणायचं, हे कोणाच्या घशाखाली उतरेना. हेडक्लार्क त्याला ‘बाबू’ म्हणायचे, पण त्यातला ‘बा’ इतका लांबवायचे की बाकीचे तोंडावर रुमाल धरायचे.

त्याच्याशी नीट वागायचा तो एकटा लंबू. लंबू म्हणजे दुसरा शिपाई, सहा फुटांच्या वर उंच आणि काठीसारखा वाळलेला. एकोणीस वर्षं दोघांनी जिन्याखालच्या बाकावर एकत्र डबा खाल्ला होता. हजर कायम नोकरीतला, लंबू मात्र करारावर. दर वर्षी मार्चात त्याच्या कागदावर हेडक्लार्कची शिफारस लागायची, तेव्हा कुठे पुढचं वर्ष मिळायचं. लंबूचं अक्षर फार सुंदर होतं. ऑफिसातल्या पाट्या, नोटिसा, मागणीपत्रं सगळं त्याच्याकडूनच लिहून घेत. परीक्षा मात्र तो कधी देऊ शकला नाही, करारवाल्यांना ती नसतेच. हजर पास झाला त्या दिवशी लंबूनं त्याला मिठी मारली आणि दुसऱ्या दिवसापासून डबा जरा लवकर खाऊन घ्यायला लागला. “तुला आता वर बसून खायला पाहिजे, बाबूलोकांत,” असं म्हणाला. हजरला ते खरं वाटलं.

हजरकडे दाखले टाइप करणं आणि प्रिंटर सांभाळणं अशी दोन कामं होती. प्रिंटरला तो आधी फार भ्यायचा. हळूहळू शिकला. पान फिकं यायला लागलं की टोनरचं कार्ट्रिज बाहेर काढायचं, दोन्ही हातांत धरून पाळण्यासारखं हलवायचं, पुन्हा बसवायचं. त्यानंतर पन्नास-शंभर पानं निघतात. मग नवं आणायचं. नव्याच्या कडेची पट्टी एका दमात ओढायची, तुटली तर कार्ट्रिज फुकट. बाजारातून आणताना खोक्यावरचा नंबर तो तीनदा वाचायचा, एकदा बोट ठेवून.

तिसऱ्या महिन्यात त्याच्या हातून मोठी चूक झाली. एका बाईच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता. मयताच्या जागी यानं अर्जदाराचं, म्हणजे मुलाचं नाव टाकलं. त्या बाईनं खिडकीत कागद वाचला आणि जी किंकाळी फोडली ती वरच्या मजल्यापर्यंत गेली. पाच-सहा नातेवाईक आत घुसले. मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्य अधिकारी बाईंनी, हेडक्लार्कना खोलीत बोलावून दार लावून झाडलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की कोणी वर बघितलं नाही.

ते हजरला एक शब्दही बोलले नाहीत. चार दिवस गेले. सोमवारी सकाळी त्यांनी त्याला जवळ बोलावलं, खुर्चीसुद्धा दिली.

“बाबू, चुका माणसाकडूनच होतात. पण त्यावर इलाज असताना आपण तो करत नाही, याचं मला वाईट वाटतं.”

“कसला इलाज, साहेब?”

“पांढरा टोनर. काळ्या टोनरनं अक्षर छापलं जातं, पांढऱ्यानं खोडलं जातं. चुकलेला कागद परत मशीनमध्ये घालायचा, पांढरं कार्ट्रिज बसवायचं, चूक गायब. मोठ्या ऑफिसांत सगळे हेच वापरतात.”

हजरनं खोलीभर नजर फिरवली. आम्ही सगळे मान खाली घालून कामात बुडालेले. शेवटी त्यानं दाराशी उभ्या असलेल्या लंबूकडे बघितलं.

“असतो का रे पांढरा?”

हेडक्लार्कही लंबूकडेच बघत होते. लंबूनं क्षणभर भिंतीकडे पाहिलं आणि मान डोलावली. “असतो ना. मी बघितलाय.”

मग हेडक्लार्कनी त्याच्याकडूनच मागणीपत्र लिहून घेतलं. ‘लेझर प्रिंटरसाठी पांढरा टोनर, नग दोन, तातडीचे.’ खाली स्वतःची सही ठोकली, गोल शिक्का मारला. सही खोटी असती तर गंमत गेली असती, ती खरीच पाहिजे, असं नंतर त्यांनी आम्हाला समजावलं. लंबूनं कागदाची घडी घालून हजरच्या हातात दिली. हजर छत्री आणि डब्याची पिशवी घेऊन उन्हात बाहेर पडला आणि दाराचा आवाज झाला तशी खोली फुटली. एकाला तर हसून हसून ठसका लागला.

पुढचं त्यानंच मला कधीतरी सांगितलं, तुकड्यातुकड्यानं.

पहिल्या दुकानदारानं मागणीपत्र वाचलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, “कालच संपला हो, काका. पुढच्या गल्लीत विचारा.” पुढच्या गल्लीतल्यानं विचारलं, “जाड हवा की पातळ?” हा गोंधळला. तिथूनच त्यानं ऑफिसला फोन लावला. हेडक्लार्कनी फोन कानाशी धरून आम्हाला गप्प बसायची खूण केली आणि सांगितलं, “जाडच आणा, बाबू. पातळ ओघळतो.” तिसऱ्यानं त्याला चौथ्या मजल्यावर पाठवलं. लिफ्ट बंद होती. वर गेला तर दाराला कुलूप आणि त्यावर कोळ्याचं जाळं. पायऱ्यांवर बसून त्यानं डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि पुन्हा निघाला.

दुपारी दोनला तो एका प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानात पोचला. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. एक पन्नाशीची बाई उघड्या मशीनमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसली होती. बोटांची टोकं काळीकुट्ट. तिनं मागणीपत्र वाचलं, हात पुसले आणि विचारलं, “सकाळपासून किती दुकानं फिरलात?”

“हे सहावं.”

“काका, तुमची चेष्टा करतायत. ह्या मशीनला पांढरा टोनर नसतो.”

“नाही हो बाई. हे अक्षर माझ्या दोस्ताचं आहे. तो कशाला खोटं लिहील?”

मागणीपत्रावरचा नंबर बघून बाईनं फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर ठेवला.

इकडे हेडक्लार्कनीही आमच्यासाठी स्पीकर चालू केला होता. “बोला.”

“तुमचा माणूस पांढरा टोनर मागतोय,” बाई म्हणाली.

“मग द्या की! का सगळा त्यालाच फासून ठेवलात?”

आम्ही हसलो. मी हसलो. आणि त्या हसण्याच्या वर एक आवाज चढला. लंबू खोलीच्या मधोमध गुडघे वाकवून धावत होता आणि हुबेहूब हजरच्या आवाजात ओरडत होता, “हजर! हजर! पांढरा आणला, साहेब! आता तोंडाला लावू का?”

फोन तिकडून बंद झाला. आम्हाला वाटलं, दुकानवाली चिडली.

तिकडे जिन्याखालच्या खोलीत हजरनं मागणीपत्र उचलून त्याची पुन्हा घडी घातली. बाईनं पाणी दिलं, ते तो प्यायला. ती त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, “तसा पांढरा टोनर असतो हो जगात. काळ्या कागदावर, कापडावर छापायला वापरतात. पण त्याचं मशीन वेगळं असतं. अतोनात महाग.”

“कुठे मिळतो?”

“तुम्हाला काय करायचंय त्याचं?”

“मागणीपत्रावर सही आहे. शिक्का आहे.”

बाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पत्ता लिहून दिला. कारखान्यांच्या भागातलं मोठं गोदाम, बसनं पाऊण तास. तिथल्या माणसानं कुठल्या मशीनला हवा ते विचारलं. हा म्हणाला, कागदावर लिहिलंय तेवढंच मला माहीत. सरकारी शिक्का, हेडक्लार्कची सही, त्यांच्या गिऱ्हाइकांच्या यादीत आमच्या ऑफिसचं नाव. त्यानं दोन खोकी दिली आणि बिल ऑफिसच्या नावानं फाडलं.

साडेचारला हजर परत आला. शर्ट पाठीला चिकटलेला, काखेत दोन खोकी. आम्ही वाटच बघत होतो. हेडक्लार्क खुर्चीत मागे रेलले.

“काय बाबूऽ, मिळाला का?”

“मिळाला, साहेब.”

त्यानं खोकी त्यांच्यासमोर ठेवली, त्यावर बिल. हेडक्लार्क हसत हसत पुढे झुकले आणि वाचता वाचता त्यांचं हसू जागच्या जागी वाळलं. वर्षभराच्या स्टेशनरीला लागला नसता एवढा आकडा होता. ते पुटपुटले, “हे... हे असतं खरंच?” आणि मग ओरडले, “मूर्खा! आत्ताच्या आत्ता परत करून ये!”

हजरनं पेन्सिल तासायचं ब्लेड उचललं. शांतपणे दोन्ही खोकी उघडली, दोन्ही कार्ट्रिजची सीलं कापली, पट्ट्या एका दमात ओढल्या आणि टेबलावर धरून पाळण्यासारखी हलवली. पांढरी पूड हेडक्लार्कच्या फायलींवर, बाहीवर, मिशीवर बसली.

“बघून घ्या, साहेब,” तो म्हणाला. “पांढराच आहे ना?”

कोणी हसलं नाही. त्या दिवशी गोष्ट इथंच संपली असती तर आज मी ती छाती फुगवून सांगितली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडक्लार्क आम्हा सगळ्यांच्या आधी मॅडमच्या खोलीत जाऊन आले होते. त्यांनी सांगितलं होतं की रोज साठ कागदांवर सह्या कराव्या लागतात, त्या गठ्ठ्यात कोणीतरी हा कागद सरकवला. अक्षर कोणाचं ते उघडच होतं. अकरा वाजता बेल वाजली. हजरला बोलावलं. आवक-जावक रजिस्टर घेऊन मलाही यायला सांगितलं, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

मॅडमच्या हातात मागणीपत्र होतं. हेडक्लार्क भिंतीला टेकून उभे. दार अर्धं उघडं, बाहेरच्या स्टुलावर लंबू. त्याचे लांब पाय आतून दिसत होते.

“हा कागद तुम्हाला कोणी दिला?” मॅडमनी विचारलं.

“लंबूनं.”

“लिहिला कोणी?”

“त्यानंच. अक्षर त्याचंच आहे.”

“हेडक्लार्कनी तुम्हाला याबद्दल काही सांगितलं होतं?”

हजरनं हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्कच्या कपाळावर घाम होता. मग त्यानं दाराबाहेरच्या त्या पायांकडे पाहिलं. मी मनात म्हणालो, आता बोल. नाव घे. आम्ही सगळे साक्षीला होतो, त्यानं तोंड उघडलं असतं तर आम्हालाही निदान मान हलवावी लागली असती.

“नाही, मॅडम,” हजर म्हणाला. “मला फक्त लंबूनं सांगितलं. पांढरा टोनर असतो, मी बघितलाय, असं म्हणाला.”

बाहेरचे पाय हलले नाहीत.

मॅडम माझ्याकडे वळल्या. “तुम्ही समोर बसता. तुम्ही काही ऐकलंत?”

मी रजिस्टर छातीशी धरलं आणि म्हणालो, “मी कामात होतो.”

करारावरच्या माणसाला काढायला चौकशी लागत नाही. चार ओळींचं पत्र लागतं. ते पत्र हजरनंच टाइप केलं, कारण टाइपिंग त्याच्याकडे होतं. एकही चूक नव्हती. शुक्रवारी लंबू आपला डबा, एक टॉवेल आणि लिहायचे दोन बोरू पिशवीत भरून गेला. जाताना तो हजरच्या टेबलापाशी थांबला.

“मी हेडक्लार्कला नाही म्हणू शकलो असतो का, सांग. मार्च तोंडावर आलाय.”

हजर प्रिंटरच्या ट्रेमध्ये कागद लावत होता. कडा जुळवत राहिला.

“आणि ते आवाज काढणं?” लंबू स्वतःच म्हणाला. “ते... सगळे हसत होते रे. मी कधी कोणाला हसवलं नव्हतं.”

हजरनं ट्रे आत ढकलला. लंबू गेला.

आठवड्यानं लंबूची बायको हजरच्या घरी गेली. हे हजरच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं. दोघींचं वर्षानुवर्षांचं येणं-जाणं. मुलांचे कपडे एकमेकींकडून फिरलेले, एकीच्या बाळंतपणाला दुसरी धावलेली. ती दुपारची येऊन स्वयंपाकघरात बसली. “भावजींना एवढंच सांगा, खरं काय ते एकदा मॅडमना बोला. ह्यांना परत नाही घेतलं तरी चालेल, पण चोर ठरवून काढलंय, दुसरीकडे कुठे उभं करत नाहीत.”

हजर आतल्या खोलीत होता, सुट्टी होती. बाहेर आला आणि दारातूनच म्हणाला, “वहिनी, ऑफिसातल्या गोष्टी ऑफिसात. घरी नको.”

“भावजी, एकोणीस वर्षं...”

“चहा घेऊन जा,” तो म्हणाला आणि आत गेला.

ती चहा न घेता गेली. हजरच्या बायकोनं भांडं आदळलं. “अहो, तुम्ही असे कधीपासून झालात?” त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली. मुलीनं तो पुठ्ठ्याचा कीबोर्ड कपाटावरून काढला आणि फाडून केरात टाकला.

ऑफिसात मात्र उलटं झालं. हजरला कोणी हजर म्हणेना. हेडक्लार्क त्याला ‘बाबू’ म्हणायचे ते आता तोकडं आणि अदबीनं, कारण त्यांची मान ज्याच्या हातात होती तो माणूस गप्प होता आणि कधीही बोलू शकला असता. वर्षाच्या आत स्टोअरची सगळी जबाबदारी त्याच्याकडे आली. कुठल्या टेबलाला कधी टोनर द्यायचा ते तोच ठरवायला लागला.

एकदा आम्ही दोघंच होतो तेव्हा मी विचारलं, “तुम्ही हेडक्लार्कचं नाव का नाही घेतलं?”

“त्यांचा मला राग नव्हता,” तो म्हणाला. “त्यांच्याकडून मी कधी कसली अपेक्षाच केली नव्हती.” त्यानं स्टोअरची किल्ली खिशात टाकली. “आणि खुर्ची गेली असती. खोटं कशाला बोलू? आधी तेच मनात आलं. राग नंतर आला.”

लंबूला नोकरी मिळाली नाही. मग त्यानं आमच्याच फाटकाशी एक टेबल टाकलं आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागला. अक्षर बघून लोक थांबायचे. हजर रोज समोरून जायचा. लंबू उठून उभा राहायचा, म्हणायचा, “नमस्कार.” हजर मान हलवायचा. लंबूच्या त्या नमस्कारात टोमणा नव्हता, हेच मला बघवायचं नाही.

दोन वर्षांनी वरून हुकूम आला की फाटकातली सगळी टेबलं हटवा, येण्याजाण्याला अडथळा होतो. नोटीस हजरनं टाइप केली. छापून घेतली, खाली गेला आणि फाटकावर स्वतःच चिकटवली. मी खिडकीतून बघत होतो.

लंबूनं चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली. “कधीपासून?”

“आजपासूनच.”

लंबूनं कागद गोळा केले, पेनं पिशवीत टाकली आणि टेबल उचलायला गेला. जड होतं, जुनं सागवानी. त्याला एकट्याला उचलेना. हजर थोडा वेळ बघत राहिला, मग त्यानं दुसरी बाजू धरली. दोघं ते घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले, एक उंच, एक बुटका, त्यामुळे टेबल वाकडं झालेलं. कोपऱ्यावर ते खाली ठेवलं. लंबू काहीतरी म्हणाला, मला वरून ऐकू आलं नाही. हजर लगेच वळला, परत आला आणि वर येऊन मला म्हणाला, “तुमचं पान फिकं येतंय का? नवीन टोनर लागेल तर आजच सांगा, उद्या मी रजेवर आहे.”